मोटारखान्याचा उंबरठा

आमच्या घरात कुठलंही कार्य असो, जेवणं उरकून मंडळी सुपारी कातरायला बसली की कोणीतरी म्हणतंच, "ती मोटारीची गोष्ट होऊ द्या." मग सांगणारा आपल्या पदरचं मीठ घालून सांगतो. भोरला आमच्या वडिलांनी मोटार घेतली. मोटारखान्याला नवं दार करायला वेल्ह्याकडचा एक अडाणी सुतार धरला. त्या शहाण्यानं मोटारखान्याला घरासारखा उंबरठा बसवला आणि ऐन दसऱ्याला मोटार उंबरठ्याला अडली. इथे सगळे हसतात. मीही हसत आलो. मागच्या मुंजीत माझ्या नातवानं सुताराची नक्कल करून दाखवली: खांद्यावर काल्पनिक करवत, तोंड उघडं, नजर भोळी. मुलं लोळली हसून. खरं तर तो सुतार भोळा अजिबात नव्हता, आणि त्याचं तोंड उघडं असे ते बोलण्यासाठी.

पण नातवाची चूक नाही. त्यानं जी गोष्ट ऐकली ती मीच घडवलेली आहे. उंबरठा सुतारानं आपल्या मनानं बसवला नव्हता. मी सांगितला म्हणून बसवला. त्या दिवशी आमच्या अंगणात जे कोणी होते त्यांतला आता मी एकटा उरलो आहे, म्हणून हे लिहून ठेवतो.

वडील भोरला वकिली करत. संस्थान लहान, वकील पुष्कळ, आणि भांडणं बहुतेक बांधाची. अशा गावात वकिलाची योग्यता त्याच्या कायद्याच्या ज्ञानावर कोण ठरवणार? समोरच्या आळीतल्या वकिलांनी टांगा घेतला तेव्हा वडिलांचा चहा आठवडाभर गार होत राहिला. मग ते पुण्याला गेले आणि विलायतेला परत निघालेल्या कोणा गोऱ्या साहेबाची मोटार घेऊन आले. घेऊन आले म्हणजे असं, की कापूरहोळपर्यंत ती स्वतः आली आणि तिथून पुढे बैलांनी आणली. बैल ओढत होते तरी वडील चाक धरून ताठ बसून होते. वेशीपाशी त्यांनी भोंगाही वाजवला. बैल बुजले, पण गाव बाहेर आलं. एवढ्यासाठीच तर मोटार घेतली होती.

मोटार ठेवायला गोठा रिकामा केला. गाय मामाकडे गेली. आई म्हणाली, "दूध देणारी गेली आणि तेल पिणारी आली." वडिलांनी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांनी गोठ्याला 'मोटारखाना' म्हणायला सुरुवात केली, आणि कोणी चुकून गोठा म्हणालं तर अशिलाची चूक दुरुस्त करावी तसे ते थांबून दुरुस्त करत. शेणाचा वास मात्र त्यांचं ऐकेना.

गोठ्याचं दार गोठ्याइतकंच जुनं. भोरच्या पावसात लाकूड पाव फुगावा तसं फुगतं. श्रावणात ते दार उघडायला अख्खं घर लागे आणि मिटायला अख्खं घर पुरत नसे. भाद्रपदात डावं कवाड बिजागरीसकट निखळलं आणि अंगणात पालथं पडलं. मोटारीला काही झालं नाही. ती आत होती, आणि पावसाळाभर सुरूच होत नव्हती.

वडिलांना त्याच सुमारास एका दाव्यासाठी पुण्याला मुक्काम करावा लागणार होता. जाताना ते मला म्हणाले, "नवं दार करून घे. दसऱ्याला मोटार बाहेर काढायची आहे. सीमोल्लंघनाला आपण मोटारीनं जाणार." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "पुण्याचे ते गृहस्थ येणार आहेत."

ते गृहस्थ म्हणजे एका लग्नाच्या मुलीचे वडील. मी तेव्हा कॉलेजच्या परीक्षेत एकदा नापास होऊन दुसऱ्यांदा होण्याच्या तयारीत होतो. माझ्यात दाखवण्यासारखं फारसं काही नव्हतं, त्यामुळे मोटार दाखवायची असं घरात न बोलता ठरलेलं होतं.

सुतार मिळाला तो वेल्ह्याकडच्या मार्गासनी गावचा. गावातलं बलुतं भावाकडे सोपवून तो नुकताच भोरला आला होता. बाजाराच्या रस्त्याला त्यानं एका दुकानाची अर्धी ओटी घेतली होती. बायको आणि मुलगी अजून गावीच होत्या. चार कामं हाताला लागली की त्यांना आणायचं, असा त्याचा बेत. हे मला त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं, कारण मनात ठेवणं त्याला जमत नसे.

"नांगूर करा, जू करा, कुळव करा. जलम गेला, धाकलं सायेब. नांगराकडं कोन बगतंय? बैल! मला दारं करायची हायती. दार मानूस बगतो."

भोरातून चालताना तो प्रत्येक दारापाशी थांबे, बोटाच्या पेरानं ठोके आणि निकाल देई. "ह्येचा सुतार घाईत हुता." "ह्येचा उपाशी हुता." एका बड्या अधिकाऱ्याच्या दारापाशी तो बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "ह्येचा सुतार देवभोळा असंल. सगळं देवावर सोडलंया." आमचं पालथं पडलेलं कवाड त्यानं पायाच्या अंगठ्यानं हलवून पाहिलं. "ह्ये दार न्हाई. ही फळ्यांची सोयरीक हाय, आन् तीबी मोडल्याली."

मला तो आवडला. आईला आवडला नाही. "फार बोलतो," ती म्हणाली. "बोलणाऱ्याचा रंधा चालत नाही." पण त्याचा दोन्ही एकदम चाले.

शाळेला नवी दारं हवी होती आणि रामाच्या देवळाचं दार पंच मंडळी बदलणार होती. दोन्हीकडे त्याला उत्तर मिळालं होतं, "आधी वकिलांचं दार बघू." त्यामुळे आमचं दार हे त्याच्या दृष्टीनं नुसतं दार नव्हतं. ते जमलं तर भोर त्याचं होतं, बायकोमुलीसकट. तसं त्यानं मला स्वच्छ सांगितलं होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

दार त्यानं उत्तम केलं. सागाच्या फळ्या, मागून आडवे पट्टे, लोखंडी बिजागऱ्या लोहाराकडून स्वतः उभं राहून घडवून घेतलेल्या. मोटारीची रुंदी आणि उंची त्यानं दोरीनं घेतली. मोटार आतच होती. टप वर करूनही तिला डोक्यावर वीतभर मोकळी जागा राहील अशी चौकट त्यानं उभी केली. दोन उभे खांब, वरती आडवी तुळई, खाली मोकळी फरशी, गोठ्याला पूर्वी होती तशीच.

आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन चौकट पुजायला आली आणि खाली पाहून थबकली.

"हे काय? उंबरठा कुठाय?"

"उंबरा न्हाई, आईसायेब. गोठा हाय न्हवं."

"गोठा होता. आता मोटारखाना आहे." वडील नसताना आई त्यांचा शब्द वापरी. "इथं दसऱ्याची पूजा व्हायची. पुण्याचे पाहुणे यायचे. त्यांच्यापुढं हे असं, बोळक्या तोंडासारखं दार दाखवायचं? हळदीकुंकू कुठं वाहू? फरशीवर?"

सुतारानं माझ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "तुमी सांगाल तसं."

मी पाहुण्यांचा विचार केला. पाहुणे दारात उभे आहेत, खाली नक्षीचा उंबरठा आहे, आणि घर खानदानी आहे असं त्यांच्या मनात येतं आहे, एवढंच मला दिसलं. मोटारीला चाकं असतात हे मी इंग्रजीतूनही वाचलेलं होतं. ते त्या वेळी उपयोगी पडलं नाही.

"बसवा उंबरठा," मी म्हणालो. "चांगला उंच, जाड. आणि मध्ये कमळ कोरा."

"जाड लाकडाचा नग लागंल त्येला. भोरात तसा न्हाई." त्यानं कान खाजवला. मग त्याचे डोळे चमकले. "माज्याकडं हाय एक. गावी. आमच्या दाराला म्हनून बानं ठिवल्याला. आमच्या घराला अजून उंबरा न्हाई."

"मग तुमच्या दाराचं?"

"आता काय करायचाय गावातल्या दाराला? हितं कामं लागली म्हंजी हितंच घर. तवा बगू दुसरा."

तो गावी गेला आणि गाडीत घालून तो नग घेऊन आला. जुना साग, मधासारखा रंग. पुढचे काही दिवस तो त्याच्यापुढे मांडी घालून बसला होता. मध्ये कमळ, दोन्ही अंगांना वेल. उंबरठ्याची दोन्ही टोकं त्यानं खांबांत अशी रुतवली की सांधा दिसेना, आणि खाली दगड चिणून पाचरी मारल्या. काम झाल्यावर त्यानं वर उभं राहून उड्या मारल्या.

"हत्ती आला तरी अडंल!"

"इथं हत्ती कशाला यायचाय?" आई म्हणाली.

"न्हाई आला तर हत्तीचं नशीब."

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी वडील आणि पुण्याचे गृहस्थ पुणे-भोर सर्व्हिसच्या मोटारीनं आले. सकाळी पूजेच्या आधी सगळे मोटारखाना पाहायला गेले. आता जे सांगतो ते आमच्या घरच्या गोष्टीत कधी येत नाही, कारण ते आलं तर हसायचं कोणाला हा प्रश्न पडेल.

वडिलांनी दारावरून हात फिरवला. मग धोतराचा सोगा उचलला आणि उजवा पाय आधी टाकून उंबरठा ओलांडून ते आत गेले. पाहुण्यांनीही सोगा उचलला. उंबरठ्यावर पाय न देता, तो नीट ओलांडून, तेही आत गेले. वळून त्यांनी कमळ न्याहाळलं आणि म्हणाले, "वा! हल्ली पुण्यात असं काम होत नाही." भटजींनी आधी उंबरठ्याची पूजा सांगितली, मग मोटारीची. वडिलांनी दोन्ही केल्या. शेजारपाजारचे आले, झेंडूची माळ आली, आपट्याची पानं आली. जो तो पाय उचलून आत, पाय उचलून बाहेर. त्या सकाळी तो उंबरठा निम्म्या भोरानं ओलांडला असेल. त्यात वकील होते, भटजी होते, शाळेचे मुख्याध्यापक होते. जन्मभर आम्ही दारात पाय उचलत आलो होतो, त्यामुळे आपण तो उचलतो आहोत हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. सुताराच्याही नाही. तो तर स्वच्छ पटका बांधून एकेकाला कमळ दाखवण्यात गुंतला होता.

पाय उचलता न येणारी तिथे एकटी मोटार होती, आणि तिचं मत कोणी विचारलं नाही.

पाहुणे मागच्या गादीवर बसले. पगडी सारखी केली. वडील चाकापाशी. मी पुढून दांडा फिरवला. देवाच्या कृपेनं म्हणा किंवा कोपानं, मोटार चक्क सुरू झाली. मी बाजूला झालो. सुतारानं दोन्ही कवाडं भिंतीला लावली आणि दरबारातल्या चोपदारासारखा ताठ उभा राहिला. वडिलांनी भोंगा वाजवला. मोटार निघाली आणि धाडकन थांबली. मागच्या गादीवरची पगडी पुढच्या गादीवर आली.

वडिलांना वाटलं, जोर कमी पडला. न्यायालयातही त्यांचा हाच स्वभाव होता. त्यांनी मोटार मागे घेतली, ओठ आवळले आणि पूर्ण जोर लावला. या वेळी आवाज वेगळा आला. एक दिवा गळून रांगोळीत पडला. पुढचा आस वाकला, दोन्ही चाकं एकमेकांकडे तोंड करून बसली, आणि पुढून गरम पाण्याची धार सुरू होऊन कमळावर अभिषेक झाला.

 सुतार खाली वाकला, उंबरठ्यावरून हात फिरवला आणि हर्षानं ओरडला, "हललाबी न्हाई!"

ते तो बोलला नसता तर कदाचित पुढचं टळलं असतं. आळीतलं कोणीतरी हसलं. पाहुण्यांनी पगडी उचलली. वडील खाली उतरले. चेहरा पांढरा, पण आवाज कोर्टातला.

"हा उंबरठा तू बसवलास?"

"म्याच की."

"हत्ती अडेल असं म्हणाला होतास?"

"व्हय. अडंल."

"म्हणजे अडवणं हाच तुझा उद्देश होता."

"आता वकीलसायेब, उंबरा म्हटल्यावर..."

"हो की नाही, तेवढं सांग."

"व्हय, पर धाकल्या सायबांनी सांगितलं म्हनून..."

वडील माझ्याकडे वळले. पाहुणेही वळले. आई माजघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात आपट्याची पानं होती.

"तू सांगितलंस?"

मी म्हणालो, "मी दार सांगितलं होतं."

एवढंच. शब्द धरून पाहिलं तर यात खोटं काहीच नाही. दार मी सांगितलंच होतं. वकिलाचा मुलगा असल्याचा मला आयुष्यात झालेला फायदा तो हा. सुतार माझ्याकडे बघतच राहिला.  मग तो आईकडे वळला. आई पदर सारखा करून आत गेली.

सीमोल्लंघनाला आम्ही पायी गेलो. पाहुण्यांनी वाटेत वडिलांचं सांत्वन केलं, "खेडवळ माणसं. त्यांना मोटार काय कळणार?" आणि मग मला विचारलं, पुढे काय करायचा विचार आहे. याचा अर्थ सोयरीक जमली होती. वडिलांनी सुताराची मजुरी चोख चुकती केली. मजुरी चोख दिली की माणूस हवा तेवढा अन्याय करायला मोकळा होतो.

दिवाळीपर्यंत गोष्ट भोरभर झाली. देवळाचे पंच म्हणाले, "आमचा देव आत अडकायचा." मुख्याध्यापक म्हणाले, मुलं आत जातील पण बाहेर येणार नाहीत. खरं तर शाळेला ते सोयीचंच होतं, पण काम दुसऱ्याला गेलं. उंबरठा ओलांडून कमळाचं कौतुक करून गेलेले हेच ते लोक.

एकदा बाजारात सुतारानं मला गाठलं. ओरडला नाही. "धाकलं सायेब, चार मानसांत एकदा बोला. म्हना, उंबरा मीच सांगितला हुता. दुसरं काय नगं. घरमालक ओटी सोडा म्हनतोय."

"बघतो," मी म्हणालो.

मी खरंच बघणार होतो. लग्न होऊन जाऊ दे, मग बघू असं ठरवलं. लग्न झालं. तोवर सासऱ्यांनी ती गोष्ट पुण्यात इतक्या ठिकाणी सांगितली होती की ती खोटी पाडणं म्हणजे सासऱ्यांना खोटं पाडणं झालं असतं. नव्या जावयानं असं करायचं नसतं. मग वर्षसण झाला. मग बाजाराच्या रस्त्यावरून जाताना ओटीवर एक तांबट बसलेला दिसला.

मोटार मात्र आमच्याकडेच राहिली. उंबरठा काढू या, असं वडील एकदा म्हणाले. आई म्हणाली, "पुजलेला उंबरठा उखडायचा नाही. सवाष्णीचं घर आहे." वडिलांनी वाद घातला नाही. आस वाकलेलाच होता. आत्ताच काय घाई आहे, असं म्हणता म्हणता मोटारीच्या गादीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. लढाई सुरू झाली आणि पेट्रोलला कूपनं आली तेव्हा वडिलांना मोठाच आधार मिळाला. "देशावर अशी वेळ असताना," ते गंभीरपणे सांगत, "मोटार उडवणं मला प्रशस्त वाटत नाही." पुढे एका भंगारवाल्यानं ती आतच खोलली. तुकडे हमालांच्या डोक्यावरून बाहेर गेले. मोटारीनं उंबरठा ओलांडला तो असा, आणि हमालांनी उजवा पाय आधी टाकला.

आई दर दसऱ्याला त्या उंबरठ्यावर देवापेक्षा जास्त हळदकुंकू वाही. त्याविषयी आम्ही मायलेक आयुष्यात एक शब्द बोललो नाही.

परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाल्यावर मी संस्थानच्या नोकरीत कारकून झालो होतो. लढाईच्या शेवटी शेवटी कामासाठी वेल्ह्याला गेलो. परतताना मार्गासनीला आमच्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव निसटली. गाडीवान म्हणाला, सुताराकडे जावं लागेल. दुसरा कुठला सुतार नाही का, असं मी विचारून पाहिलं. पण बैलगाडी एका चाकावर चालत नाही, जावं लागलं.

आवाज आधी ऐकू आला. तोच. पडवीत माणसं बसली होती आणि तो लाकूड तासायचा वाकस हातात नाचवत सांगत होता.

"...मोटार आली फुरफुरत. वकील म्हनला, ह्यो उंबरा कशापायी घातलास रं? म्या म्हनलं, तुमची मस्ती अडवायला! मारा म्हनलं धडक. मारली. पुन्यांदा मारा. मारली. मोटारीचं थोबाड सपाट! आन् उंबरा?"

"हललाबी न्हाई!" पडवी एका सुरात म्हणाली. त्यांना पाठ होती.

मग त्याला मी दिसलो. वाकस हवेत राहिला. लोक माझ्या टोपीकडे आणि कोटाकडे बघू लागले. तो हळूच उठला आणि म्हणाला, "ह्ये पावनं भोरचं. त्या टायमाला हुते तिथं. इचारा त्यांस्नी, खरं का न्हाई."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. पूर्वी एकदा अशीच वळली होती.

"खरं आहे," मी म्हणालो. "अगदी असंच झालं."

पडवी खूश झाली. माझ्या चाकाला त्यानं सगळ्यांच्या आधी हात घातला. नंतर आत नेऊन गुळाचा चहा दिला. त्याची बायको चुलीपाशी होती. मुलीचं लग्न होऊन गेलं होतं. मी इतकी वर्षं जे पाठ करत होतो ते बोलून टाकलं. म्हणालो, भोरात जाऊन सगळ्यांना खरं सांगतो. वडील थकले आहेत, पण त्यांनाही सांगतो. तुम्ही या परत, मी जागा बघतो.

मला वाटलं होतं, तो विरघळेल. तो भडकला.

"आता? आता सांगनार तुमी? आन् मग माजं काय ऱ्हातंय? ह्या खोऱ्यात म्या मोटार अडवली, वकिलाची. लग्नात मला पुढं बसवत्यात. तुमी उद्या म्हननार, तसं काय न्हाई, आमी सांगितलं आन् त्येनं केलं. म्हंजी म्या कोन? सांगकाम्या! भोर घेतलंसा. आता ह्येबी घेता?"

"पण ते खरं नाही..."

"तुमचं तरी कुठं खरं हुतं?"

मी चहाची बशी खाली ठेवली.

"मी हाय तवर बोलायचं न्हाई," तो म्हणाला. "शबूद द्या."

मी शब्द दिला. देताना मला जे वाटलं तेही लिहितो, नाहीतर या लिहिण्याला अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. त्याच्यावर उपकार करतो आहे असंसुद्धा क्षणभर वाटलं. तो गेल्याचं कळलं त्याला आता कित्येक वर्षं झाली. शब्द तिथेच संपला होता. तरी मी तो पुढे पाळत राहिलो, आणि दर कार्यात सुपारी कातरत हसत राहिलो. शब्द पाळण्याची एवढी चिकाटी मी दुसऱ्या कशात दाखवलेली नाही.

त्या दिवशी शब्द घेऊन तो बाहेर गाडीवानाशी बोलायला गेला. लगेच त्याचा आवाज चढला. गाडीचा सुतार कोण होता याचा निकाल तो देत असावा. आत मी आणि त्याची बायको राहिलो. तिनं कपबशी उचलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यास्नी गोष्ट मिळाली. माजं भोरातलं बिऱ्हाड ऱ्हायलं. पोरीला साळंत घालनार हुते मी तिथं."

 टोपी घेतली आणि निघालो. दारात सवयीनं पाय उचलला, उंच, आणि पुढे टाकला तो खाली काही नव्हतंच. झोक गेला, चौकट धरून कसाबसा सावरलो. खाली नुसती सारवलेली जमीन होती, आतली तशीच बाहेर गेलेली.

"जपून," ती मागून म्हणाली. "आमचा उंबरा तुमच्याकडं हाय."